तोंडी ऑर्डर

मिरजेतल्या एका क्लासात पंधरा नर्सा परदेशी नोकरीसाठी इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी करत होत्या. शिकवणारे दिवेकर सर चार महिने लंडनला राहून आले होते आणि ते चार महिने त्यांच्या जिभेवरून अजून उतरले नव्हते. शैलजा बिरनाळेने तोंड उघडलं, की ते सगळ्यांसमोर कानांवर हात ठेवत.

"सिस्टर, हे इंग्रजी आहे की मिरजेचा बाजार? तुमचा फॉर्म मी पाठवणार नाही. माझ्या क्लासची अब्रू जाईल!"

अकरा वर्षं आयसीयूत काढलेल्या शैलजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, डॉक्टरांनी तोंडी ऑर्डर दिली, की ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवल्याशिवाय आम्ही औषधाला हात लावत नाही. आज तुम्ही ऑर्डर द्या." तिने कागदावर एक ऑर्डर लिहून त्यांच्या हातात ठेवली.

सरांनी ओठ मुरडत, अर्धी अक्षरं गिळत ती झोकात वाचली. एकीलाही ती परत म्हणता येईना. केरळच्या जॉली सिस्टरने विचारलं, "औषध कुठलं, सर? आणि किती द्यायचं?" सरांनी पुन्हा वाचली. पुन्हा तेच.

मग शैलजाने आपल्या उच्चारात दुसरीच ऑर्डर सांगितली. औषध, मात्रा, वेळ, सगळं चौदाही जणींनी बिनचूक परत म्हणून दाखवलं.

"सर, माझ्या उच्चारांनी माझे दोन गुण कापले जातील. तुमच्या उच्चारांनी पेशंट दगावेल. आता सांगा, फॉर्म कुणाचा अडवायचा?"