पाचव्या घरची भाकरी

"...पण बाबा, दुःखातही देवाचे आभार मानावेत, हे लोकांना कळत कसं नाही?"

अच्युतबाबा मठाच्या ओट्यावर ज्वारी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, श्रीरंगा? उद्या पौर्णिमेला पारावर तुला बोलायचंय."

श्रीरंग हसला. मठात येऊन त्याला चारच वर्षं झाली होती, पण बोलू लागला की थांबत नसे. संकटात श्रद्धा कशी ठेवावी यावर त्याचं तासाभराचं प्रवचन तयार होतं.

"आपली आज्ञा असेल तर," तो म्हणाला.

"माधुकरी झाली?"

"झाली."

"पाच घरं?"

"पाच."

"जेवलास सगळं?"

श्रीरंग जरा घुटमळला.

"चार घरचं जेवलो. पाचव्या घरची भाकरी गाईला घातली. एका बाजूने करपलेली, एका बाजूने कच्ची. मीठही नाही. महिनाभर असंच चाललंय, बाबा. द्यायचं मन नसेल तर देऊ नये माणसाने."

"घर कुणाचं?"

"तान्हाबाईंचं. ओढ्याकडचं शेवटचं."

"तिचं तोंड पाहिलंस कधी?"

"नाही." श्रीरंगाला याचा अभिमान होता. "भिक्षा मागताना नजर उंबऱ्यावर ठेवायची, हा नियम मी एकदाही मोडला नाही."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"मग आत्ता जा. सांग तिला, उद्यापासून भाकरी देऊ नको. आणि या खेपेला भिक्षा मागायची नाहीये. वर बघून बोल."

श्रीरंग खुशीतच निघाला.

तान्हाबाई दारातच बसली होती. त्याची चाहूल लागताच तिने तोंड वळवलं, पण दुसऱ्याच बाजूला. डोळ्यांवर दुधासारखा पडदा होता. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"आजी, मी मठातला."

"वळखला की आवाज. आज भाकर लई करपली व्हती का रं? मला आता दिसंना झालंय. हात लावून बघते, तर भाजतंय."

श्रीरंग उंबऱ्याशीच खाली बसला.

"दिवाळीच्या आदी माझा ल्योक दत्तू गेला. एकटीसाठी चूल पेटवू वाटंना. पडूनच ऱ्हायचे. मग वाटलं, मठातलं पोर दारात येऊन उभं ऱ्हातंय, त्याला रिकामं कसं धाडू? म्हणून उठते बघ. देवानं दत्तूला नेलं, पण तुला धाडतोय. रोज हात जोडते त्याला."

मग तिने विचारलं, "खाल्लीस नव्हं?"

"खाल्ली, आजी."

"मीठ घातलंय का न्हाई, कळत न्हाई बघ मला."

"होतं. गोड लागली."

मठात परतला तो सरळ गोठ्यात गेला. गव्हाणीत हात घालून त्याने कडबा उपसला, तळापर्यंत चाचपून पाहिलं. एक तुकडाही उरला नव्हता. गाय शांतपणे रवंथ करत होती.

बाबा गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"सांगितलंस?"

"नाही."

"मग काय बोललास?"

"खोटं बोललो. खाल्ली म्हणालो." त्याने हातातला कडबा गव्हाणीत टाकला. "लाज वाटते, बाबा. मी पारावर बसणार नाही."

"बरं."

"आणि माधुकरीला उद्यापासून दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या दारात मला उभं राहवणार नाही."

बाबांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझी हाक आली नाही, तर ती उद्या कुणासाठी उठेल?"

श्रीरंगाने मान खाली घातली.

"उद्या आधी तिच्याकडेच जा," बाबा म्हणाले. "आणि भुकेला जा."