पेनवाल्यानं नाव काढलं

फार पूर्वी एका राज्यात एक पेनवाला राहत होता. त्या काळी शाईचं पेन कुठून आलं, असं विचारू नका. गोष्ट माझी आहे, तिच्यात पेन होतं म्हणजे होतं.

हा पेनवाला नवी पेनं विकत नसे. लोकांच्या माळ्यावर, फडताळात, जुन्या पेट्यांत पडलेली मेलेली पेनं तो गोळा करी. कुणाच्या पोटात शाई वाळून दगड झालेली, कुणाची निब वाकडी, कुणाचं टोपण जागचं हलेना. तो ती कोमट पाण्यात भिजत घाली, आतली कुजलेली रबरी नळी काढून नवी बसवी, निब दगडावर घासून सरळ करी. त्याच नक्षीची शिसपेन सापडली, की दोघांना मखमलीच्या डबीत शेजारी शेजारी निजवी. अशी जोड जमली, की त्याला घरातलं लग्न जमल्याचा आनंद होई.

गंमत अशी, की हा पेनवाला निरक्षर होता. त्याला एकच अक्षर येई, ते म्हणजे श्री. पेन दुरुस्त झालं, की तो कागदावर श्री काढून पाही. रेघ कुठे अडखळली, तर निब पुन्हा दगडावर. श्री सुरेख उमटला, की काम संपलं.

त्याचा बाप जाताना एवढंच म्हणाला होता, "पोरा, नाव काढ." जुन्या पेनांवर पहिल्या मालकांची नावं कोरलेली असत. पेनवाला ती घासून नाहीशी करी आणि बायकोला सांगे, "बघ, बाबांचा शब्द पाळतोय. रोज नावं काढतोय." बायको कपाळावर हात मारून घेई.

पण पेनं खपत नव्हती. लोक डबी उघडत, "जुनंच ना? कोणाच्या हातातलं कोण जाणे!" म्हणत आणि डबी मिटत.

एकदा एक शेटजी दुकानात आले. "कोणाचं होतं हे?" त्यांनी विचारलं. घरातलं पीठ त्या दिवशी संपलं होतं. पेनवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "दिवाणसाहेबांचं."

दिवाणसाहेब म्हणजे त्या राज्याचे नावाजलेले कारभारी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेटजींनी पेन उघडूनसुद्धा पाहिलं नाही. उराशी धरलं, मागितले तेवढे पैसे टाकले आणि चालते झाले.

झालं! त्या दिवसापासून पेनवाल्याची जीभ चटावली. दिवाण एकच होऊन गेला होता, पण त्याची पेनं गल्लोगल्ली निघू लागली. एवढी पेनं झिजवणाऱ्या माणसानं राज्य कधी चालवलं, हे काही कुणी विचारलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. कधी कधी अक्कलही नसते.

बायको म्हणाली, "अहो, तुमच्या हातात कसब आहे, त्याचं बोला की. मेलेल्या माणसाच्या जिवावर कशाला पोट भरता?"

"कसब विचारतंय कोण?" पेनवाला म्हणाला. "जो येतो तो कोणाचं होतं एवढंच विचारतो."

पुढे गिऱ्हाइकं खूण मागू लागली. शेटजीही आपलं पेन नाव घालून घ्यायला परत घेऊन आले. शेजारच्या दुकानात भांड्यांवर नावं घालणारा बसे. लग्नसराईत गावातली ताटं, तांबे, घागरी त्याच्याच छिन्नीखालून जात. पेनवाल्यानं त्याच्यापुढे पेनं ठेवली आणि दिवाणसाहेबांचं नाव घालायला सांगितलं.

"नुसतं नाव घालू?" तो दचकला. "एवढ्या मोठ्या माणसाच्या नावाआधी काहीच नको? हात झडेल माझा!"

"मग घाल की. मान द्यावा तेवढा थोडाच."

नावाआधी आणखी एक अक्षर उमटलं. पेनवाल्याला ते वाचता येईना, पण दिसायला भारदस्त होतं. गिऱ्हाइकांना वाचता येत होतं. ती वाचत आणि मान डोलावत.

होता होता ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. त्यानं पेनवाल्याला बोलावून घेतलं. "दिवाणाची पेनं गावभर, आणि आमच्या पणजोबांचं एकही नाही?"

नाही म्हणावं तर समोर राजा, हो म्हणावं तर धडधडीत खोटं. त्यानं हो म्हटलं.

घरी येऊन त्यानं आपली सगळ्यांत सुंदर जोड काढली. हिरवं गर्द पेन, तशीच शिसपेन. ती विकायला त्याचा हात कधी धजावला नव्हता. नावं घालणाऱ्याला तो म्हणाला, "पेनावर पणजोबामहाराज, शिसपेनीवर पणजीसाहेब. आणि मान विसरू नकोस."

"मला शिकवतोस होय?" नावं घालणारा म्हणाला.

भरल्या दरबारात राजानं डबी उघडली, दोन्ही नावं वाचली आणि डबी कपाळाला लावली. मग ती आजीसाहेबांकडे गेली. आजीसाहेब म्हणजे राजाची आजी, त्या पणजोबांची सून. त्यांनी चष्मा चढवला, पेन पाहिलं, शिसपेन पाहिली, पुन्हा पेन पाहिलं.

"काय रे, हे पेन आमचे मामंजी रोज वापरायचे?"

"हो तर, आजीसाहेब. अगदी रोज."

"मग जिवंतपणीच त्यांनी आपल्या नावाआधी 'कै.' घालून घेतलं होतं?"

दरबारी माना उंचावून पेनाकडे पाहू लागले.

"आणि ही शिसपेन. हिच्यावर 'सौ.'! नवरा कैलासवासी, बायको सौभाग्यवती, आणि दोघं एकाच डबीत! असला संसार मी तरी पाहिला नाही बाई."

शेटजी दरबारातच होते. त्यांनी हळूच खिशातलं पेन काढून पाहिलं. तिथेही 'कै.' होतं. बिचारे रोज वाचत होते.

"शिवाय," आजीसाहेब म्हणाल्या, "मामंजी जन्मभर अंगठाच उठवायचे."

"आजीसाहेब, हळू," राजा पुटपुटला.

त्या राज्यात खोटा माल विकणाऱ्याची हत्यारं जप्त होत आणि गाढवावरून धिंड निघे. शिपायांनी पेनवाल्याची पेटी आणून पालथी केली. निबा घासायचा बापाचा दगड फरशीवर पडलेला पाहिला आणि पेनवाला रडूच लागला.

"महाराज, गाढवावर बसवा, उलटा बसवा, पण दगड नेऊ नका! मी खोटं बोललो. पण हा गेला तर मला दुसरं काहीच येत नाही."

तेवढ्यात आजीसाहेबांनी कागदावर एक ओळ लिहून पाहिली. मग आणखी एक लिहिली. "लिहितं मात्र लोण्यासारखं! हे कुणी केलं?"

"मीच केलं, आजीसाहेब. आलं तेव्हा ते मेलेलं होतं."

"अरे, मग हे का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. सगळे विचारायचे, कोणाचं होतं. लिहितं कसं, हे आज पहिल्यांदा तुम्हीच पाहिलंत."

आता दरबारी एकमेकांकडे पाहू लागले. राजानं घसा खाकरला. "दगड राहू दे, धिंडही राहू दे. पण तू खोटी नावं घालून पेनं विकलीस, तेव्हा आता घरोघर जा आणि नाव काढ."

पेनवाला दगड आणि फडकं घेऊन दारोदार फिरला. शेटजींनी तर दारच लावून घेतलं. "दिवाणसाहेबांचं राहू दे रे! सगळ्या पाहुण्यांना सांगून झालंय!" पण राजाज्ञा ती राजाज्ञा. पेनवाला नाव घासून काढी, मग शाई भरी, श्री काढून पाही आणि पेन मालकाच्या हातात देई. आजवर कपाटात मिरवलेलं पेन लोक पहिल्यांदाच चालवून पाहत. शेटजी दोन पानं लिहून गेले, तरी त्यांचा हात थांबेना.

मग लोक आपणहून माळ्यावरची पेनं उतरवून त्याच्याकडे आणू लागले.

नावं घालणारा ओशाळून आला. "चूक माझीही आहे. आता तुझं नाव घालतो, फुकट."

"घाल," पेनवाला म्हणाला, "पण नुसतं श्री घाल. तेवढं मला वाचता येतं. आणि कारागीर अजून जिवंत आहे, हेही लोकांना कळेल."

पुढे त्या राज्यात पेन घेताना कुणी कोणाचं होतं असं विचारीना. लोक श्री बघत, एक ओळ लिहून पाहत आणि घेऊन जात. बायको एकदा म्हणाली, "मामंजी असते तर म्हणाले असते, पोरानं नाव काढलं." पेनवाला लाजला आणि उगाच एक चांगली निब पुन्हा दगडावर घासू लागला.

तात्पर्य: नाव कुणालाही घालता येतं, पण काढावं लागतं ते कामानंच.