दादासाहेबांचा कट

साताऱ्याच्या फिल्म क्लबातल्या हेमलता गुजर यांना कटकारस्थानांचे आडवाटेचे सिनेमे फार आवडत. अशा सिनेमांचा सगळा जीव शेवटात असतो, असं त्यांचं मत होतं. पुष्कळ विनवण्यांनंतर अध्यक्ष दादासाहेब शिर्के यांनी तसा एक सिनेमा लावला. पण आधी स्वतःचं भाषणच इतकं लांबवलं, की हॉल सोडायची वेळ झाली आणि त्यांनी शेवटाआधीच सिनेमा थांबवला.

वर माइकवरून म्हणाले, "काय हेमलताबाई, यात कट कुठे होता? आम्हाला तर दिसलाच नाही!"

"पडद्यावर कसा दिसेल, दादासाहेब? कट तर तुम्ही केलात!"

हॉलभर हशा पिकला. दादासाहेबांनी चिडून असे सिनेमेच बंद केले.

लोक अजून त्या उत्तराला दाद देतात. हेमलताबाई मात्र म्हणतात, "मी गप्प बसले असते, तर विनवून शेवट तरी पाहता आला असता."