तिसऱ्या भिंतीवरची मोकळी जागा

एका राज्यात आवाज आटत चालला होता. विहीर आटावी तसा, हळूहळू, तळापासून. आधी देवळातली घंटा मुकी झाली. मग कोंबड्यांनी माना उंचावल्या, पण आरवणे उमटलेच नाही. मग पाळण्यातली तान्ही तोंड वासून रडू लागली. गाल भिजले, पण आवाज निघाला नाही. तेव्हा मात्र गाव हादरले. मोठ्यांचेही गळे बसू लागले होते.

कारण सगळ्यांना ठाऊक होते. राजा वज्रकेतूने तरुणपणी भस्मकंठ नावाच्या मायावी गवयाची वीणा लुटून आणली होती. मरताना भस्मकंठ म्हणाला होता, "राजा, माझे गाणे तुझ्या दरबाराच्या तीन भिंतींवर जिवंत उतरेल, तेव्हाच ही वीणा शमेल. तोवर ती तुझ्या प्रजेचे आवाज पिईल." तेव्हापासून कितीतरी वादक आणि चित्रकार दरबारात गेले. माघारी कोणीच आले नाही.

यंदा शिपाई सुनादच्या दारी आले. सुनाद वीणा वाजवी, आणि त्याच्या बायकोच्या, रेखावतीच्या, हातावरची हळद अजून उतरली नव्हती. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवीत.

"मीही येते," ती म्हणाली. "भिंत मी रंगवीन."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, लग्नात सगळ्या बायका मागे लागल्या, तरी नवऱ्याचं नाव घेता आलं नाही तुला! आणि आता राजापुढे कुंचला धरणार?"

सासूबाईंना उत्तर द्यायचे नसते, एवढे रेखावती आल्या आल्या शिकली होती. चुलीमागची काजळी तेवढी तिने पुडीत बांधून घेतली.

दरबारात तीन कोऱ्या भिंती होत्या. इतक्या उंच की वर बघताना पदर घसरे. कोऱ्या म्हणाव्यात, तर नव्याने दिलेल्या गिलाव्याखाली उंचवटे होते. इथे नाक, तिथे हनुवटी, पलीकडे पसरलेली बोटे. रेखावतीने हात लावला. भिंत कोमट होती.

"चित्रकर्ती," राजा म्हणाला, "सकाळच्या सुरांची पहिली भिंत, दुपारच्या सुरांची दुसरी, सांजेच्या सुरांची तिसरी. तिळाएवढी जागा कोरी राहता कामा नये."

"ही अट भस्मकंठाची, महाराज?"

"माझी. कोरी जागा दिसली की वाटते, शाप तिथूनच आत शिरेल."

रंगकामासाठी बांधलेल्या परांचीवर एक साळुंकी बसली होती. आधीच्या एका चित्रकाराची. राज्यातले सगळे पक्षी मुके झाले, हिचा आवाज मात्र शाबूत होता; वीणेला तो आवडला नसावा. "बाईसाहेब," ती म्हणाली, "भिंत आधी वादकाला गिळते, मग चित्रकाराला. आतल्याला त्याच्या माणसाने नाव घेऊन हाक मारली तर तो येईलही. पण यायला वाट हवी ना? एकाही भिंतीत वाट नव्हती."

सकाळी सुनादने भस्मकंठाची वीणा मांडीवर घेतली. रेखावतीने आधी कुंचला उचललाच नाही. भिंतीला गाल लावून तिने सूर कुठे थरथरतो ते पाहिले. खर्ज पायथ्याशी घुमला, तिथे तिने चिंध्यांच्या बोळ्याने कावेचे तांबडे, रुंद पट्टे ओढले. सुरावरून सुरावर घसरणारी मींड निघाली तशी ती परांचीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न उचलता चालत गेली आणि मागे निळीची लांब कमान उमटली. तारस्वरांना खारीच्या केसांचा कुंचला.

"यात हत्ती कुठे आहे?" राजाने विचारले.

"हा खर्ज आहे, महाराज."

भिंत काठोकाठ भरली, आणि सुनादची सावली फरशीवरून सरकत जाऊन रंगात मिसळली. सुनादने पायाशी पाहिले. "रेखा," तो हळूच म्हणाला, "वाजवायचे थांबवू?"

"थांबलात तर गावाचे गळे जातील," ती म्हणाली.

दुपारी हरताळाची पिवळी आग भिंतभर पसरली, आणि दुसऱ्या भिंतीने सुनादचा आवाज ओढून घेतला. तो ओठ हलवी, शब्द भिंतीतून ऐकू येई.

पण रेखावतीचे डोळे त्याच्या बोटांवर होते. सूर आणि सूर यांच्यामध्ये त्याचे बोट क्षणभर तारेवरून उठे. वीणा श्वास घेई. ती मात्र राजाच्या धाकाने तेव्हाही रंग लावीत राही. आणि नेमकी त्याच क्षणी, प्रत्येक वेळी, भिंत त्याला ओढी.

सांजेला तिने काजळी भिजवली. सुनाद वाजवू लागला. त्याचे बोट उठले. तिचाही हात थांबला. भिंतीवर चुन्याचा पांढरा तुकडा राहिला. पुन्हा बोट उठले, पुन्हा पांढरा तुकडा.

"भर ती जागा!" राजा ओरडला.

"तिथे सूर नाही, महाराज."

"शिपायांनो, भरा!"

शिपाई पुढे सरसावले. साळुंकी त्यांच्या तोंडावर झेपावली. तेवढ्यात सुनादने शेवटचा सूर छेडला, आणि भिंतीतून ओल्या रंगाचे हात निघून त्याला कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, कपाळापर्यंत आत घेऊन गेले. वीणा फरशीवर आपटली. सूर मात्र विरत राहिला.

रेखावतीचा कुंचला काजळीने निथळत होता. भिंत तिचेही मनगट ओढू लागली. भर, भर, असे चुन्याखालचे ओठ म्हणत होते. तिने कुंचला फेकला. सूर विरून संपला, तिथे माणसाएवढी जागा कोरी उरली होती.

मग लग्नात जे तिला जमले नव्हते ते तिने केले. उखाणा नाही, आडपडदा नाही.

"सुनाद!"

कोऱ्या जागेला तडा गेला. आधी बोटे आली, तारांचे घट्टे पडलेली. तिने ती धरली आणि दोन्ही पाय भिंतीला लावून ओढले. सुनाद बाहेर पडला, चुन्याने माखलेला, मागे सावली फरफटत, स्वतःच्या आवाजात कण्हत.

"बोलवा!" ती दाराशी जमलेल्या लोकांवर ओरडली. "आपापल्या माणसांना हाका मारा!"

बसक्या गळ्यांनी गावाने नावे घेतली. त्या वाटेने एकेक जण खोकत बाहेर आला. साळुंकीने आपल्या धन्याचे नाव घेतले, शिवीसकट.

वीणेची तार आपोआप तुटली. गावात कुठेतरी एक तान्हे टाहो फोडून रडले, आणि त्याला कोणीही उगी केले नाही. राजाने वीणा भस्मकंठाच्या समाधीवर नेऊन ठेवली. तिसऱ्या भिंतीवरची जागा त्याने कोरीच राखली. भीती वाटली की तो तिथे जाऊन उभा राही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "नाव घेतलंस म्हणे. गावभर ऐकू गेलं."

"हो," रेखावती म्हणाली, आणि उरलेली काजळी चुलीमागे ठेवून आली.

तिच्या भिंतीला जशी वाट राहिली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरालाही राहो.