तलावाकडे ढोल नव्हता

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पण ज्याने पाहिली तो माझ्याइतकाच भरवशाचा माणूस.

फार जुना काळ. नव्याने वसलेल्या एका राज्यात धान्याचं एकच कोठार होतं, आणि तेही कधी पुरतं भरलं नाही. सुगी संपली की वाटप होई. रीत अशी, की मागणाऱ्याने कोठारापुढे ढोल बडवायचा. ज्याचा आवाज मोठा, त्याला पहिलं माप.

एका वर्षी मात्र कोठाराच्या कारभाऱ्याचा पाय एका जागी ठरेना. तलावाच्या बांधाला खालून ओल फुटली होती, आणि बांधाखालीच त्याच्या लेकीचं सासर. डागडुजी करायची तर मजुरांना धान्य हवं. बांधावर अंडी घातलेली टिटवी त्याला पाहिलं की ओरडे, "हलवू का रे अंडी? सांग ना, हलवू का?"

तो राजाकडे गेला. "महाराज, यंदा आधी बांध."

"आणि वेशीवरचे दगडी हत्ती? शेजारच्या राजाने कधीच बसवले! आपले पाथरवट केव्हाचे ढोल घेऊन बसलेत."

"तलावाकडे ढोल नाही, महाराज."

"मग त्याला म्हणावं, घे एखादा!" राजा हसला. दरबार त्याहून जोरात हसला.

कारभारी रात्रभर येरझारा घालत राहिला. उजाडताच त्याने पोती गाड्यांत घातली, बांधाच्या पायथ्याशी नेली आणि दवंडी पिटवली, यंदाचं वाटप इथेच! राजासकट सगळे धावत आले. सेनापतीचा नगारा, पाथरवटांचे ढोल, राणीच्या बागेचे ताशे.

"आधी मला!"

"सरक रे, तुझा ढोल फुटकाय!"

बांध थरथरला. मातीचं एक ढेकूळ घरंगळत खाली आलं. टिटवी भुर्रकन उडाली, आणि राजाच्या मोजडीत गार पाणी शिरलं.

"हे काय?"

"तलाव मागतोय, महाराज."

ढोल आपोआप थांबले. राजाने पहिलं माप मजुरांना दिलं आणि ढोलवाल्यांच्या डोक्यावर मातीच्या टोपल्या चढवल्या. बांध टिकला. खालची शेतं पिकली, पुढच्या सुगीला कोठार भरलं. हत्ती तेवढे गुडघ्यापर्यंतच राहिले.

तात्पर्य : ज्याला मागता येत नाही त्याचा वाटा आधी काढावा, ओरडणारा थोडा थांबू शकतो.

आता खोटं कुठलं, तेही सांगून टाकतो. राजा हसला तिथवर सगळं खरं आहे, टिटवीसकट. पुढचं मी रचलं. खरं तर त्या वर्षी वेशीवर गाळातून उलथलेल्या दगडी हत्तींचे नुसते पाय वर दिसत होते, आणि त्यांच्यामधून कारभारी लेकीला हाका मारत फिरत होता.