आठवा वेल

“माझ्या आक्काला वांझ कुणी ठरवलं?”

लिंबाने हे तिच्या नवऱ्याला विचारले होते, भटजींना विचारले होते. आता तो सोमगीर बाबांच्या मठीत घुसला होता, चपला पायातच.

अनसाक्का जाऊन नऊ दिवस झाले होते. नवऱ्याने केव्हाच दुसरा संसार थाटलेला. उद्याच्या दहाव्याला तो स्वतः येणार नव्हता आणि लिंबालाही घाटावर बसू देणार नव्हता.

“पिंड पोटच्या पोरानं द्यायचा. तू तिचा कोण?” असे त्याने लिंबाला सुनावले होते.

बाबा चूल फुंकत होते.

“कुंपणावरची करटोली आण. भाजी करू.”

“बाबा, मी काय विचारतोय!”

“मला भूक लागलीय. आण.”

लिंबा धुसफुसत गेला. सातही वेल पिवळ्या फुलांनी भरले होते. फुलांखाली इवली काटेरी बोंडे होती. बोट लागताच गळत होती. पोसलेले फळ एकही नव्हते.

“कीड पडलीय,” तो येऊन म्हणाला.

“नाही. तिथं आठवा वेल होता.”

“तो वांझोटा? नुसता फुलायचा. मीच उपटला गेल्या साली.”

“नर होता तो. त्याच्या फुलातली पूड पाखरं या सातांच्या फुलांत नेऊन टाकायची. मग आत बी धरायचं. बी धरलं की फळ पोसायचं.”

“तेव्हाच का नाही बोललात?”

“उपटताना विचारलंस कुणाला?”

…

“आई गेली तेव्हा मी सहा महिन्यांचा,” लिंबा म्हणाला. “आक्का बारा वर्षांची. शेजारणीकडं दूध मागायची, बोट बुडवून मला…”

तो ताडकन उठला.

“उद्या मीच बसणार.”

“मारतील.”

“मारू देत. पिंड दिल्याबिगर उठत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तो ओलाचिंब, सदरा फाटलेला, ओठ सुजलेला.

“कावळा?” बाबांनी विचारले.

“मी हात मागं घ्यायच्या आत शिवला.”

“आणि तू तिचा कोण, ते पुसलं त्यांनी?”

पंचाची गाठ सोडून लिंबाने एक कंद काढला. येताना रानात नर वेल हुडकून खणलेला. कुंपणाशी आठवा खड्डा रिकामाच होता. त्यात त्याने कंद पुरला, आक्काच्या तांब्यात उरलेले नदीचे पाणी वर ओतले आणि हाताने माती दाबली.

“पुढच्या साली पहिली करटोली,” बाबा म्हणाले, “तिच्या नवऱ्याच्या दारात नेऊन ठेव. म्हणावं, ही वांझोट्या वेलाची.”