भाऊ धुरींचं स्टिअरिंग

केळुसकर बाईंनी जुनी गाडी घेतली आणि तिला गाण्या-फोनची बटणं असलेलं स्टिअरिंग बसवायला त्या भाऊ धुरींच्या दुकानात गेल्या. "मागवण्याआधी चेसिस नंबरावरून नेमकं मॉडेल बघून घ्या," त्या म्हणाल्या.

भाऊंना ते लागलं. "बाई, या कंपनीच्या त्या सालच्या सगळ्या गाड्या आतून सारख्याच. मला शिकवू नका. आणि मागवलेला माल परत घेत नाही, आधीच सांगतो."

दुकानासमोर भाऊंची स्वतःची गाडी उभी होती. त्याच कंपनीची, त्याच सालची, बटणांच्या स्टिअरिंगची.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुमचंच काढून आत्ता मला बसवा. मागवलेलं आलं की तुम्ही लावा."

भाऊंनी एकदा आपल्या गाडीकडे पाहिलं, खिशातून चष्मा काढला आणि म्हणाले, "बॉनेट उघडा जरा. नंबर बघू."